नाव बदलायची सोय

१२ ऑगस्ट, मंगळ.

सकाळी सातला शकीलभाईंचा फोन. वाशीमला लग्नपत्रिकांची प्रेस चालवतात, पण झोपतात केव्हा कोण जाणे.

"प्रज्ञाताई, वो गप्पा में नाम बदलने का कुछ करो. सुमैया गेली सासरी. काउंटरवर मंगलाबाई आली. पण मेसेज अजून सुमैयाच्याच नावानं येऊन राह्यले. परवा सुमैयाचा नवरा कार्ड छापाले आला, त्यानं स्क्रीन पाह्यली. म्हणे चाचा, माझी बायको अजून तुमच्याकडं कामाले हाये काय?"

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. प्रेसमधल्या तीन कॉम्प्युटरांवर माझा मेसेजचा प्रोग्राम 'गप्पा' चालतो. काउंटरवरून मजकूर डिझाइनला जातो, डिझाइनवरून मागच्या मशीनरूमला. नावं मी बसवतानाच प्रोग्राममध्ये लिहून टाकली होती. तेव्हा वाटलं होतं, माणसं कशाला बदलतील.

हो म्हटलं. दोन दिवसांचं काम.

फोन ठेवला तर आई दारात उभी. "प्रज्ञा कोन हाये इथं? तुयं नाव वैशाली हाये. सांगत काहून नाई त्याले?"

सांगेन.


१३ ऑग.

वर्षानंतर कोड उघडला. पहिल्याच फाइलमध्ये, अगदी वर, दोन ओळी: १ म्हणजे मिलिंद, २ म्हणजे प्रज्ञा. बाकी सगळं नंतर जोडलेलं.

विसरलेच होते की हे प्रेससाठी लिहिलेलं नाही. आमच्यासाठी लिहिलं होतं. खाली त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर घर. मी वर बसून कृषी केंद्रांची बिलिंगची कामं करायची. काही विचारायचं तर जिना उतरा, खाली गिऱ्हाईक उभं, नवीन नवरीनं उभ्याउभ्या काय बोलायचं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात लिहिला हा प्रोग्राम. आणि जो माणूस समोर बसला की दोन वाक्यं धड बोलत नसे, तो खालून परिच्छेदच्या परिच्छेद लिहायला लागला. मला वाटलं मी मोठा शोध लावला.

आठ वर्षं. फेब्रुवारीत कोर्टाचा कागद मिळाला. दोघांच्या संमतीनं. दुकान त्याचं, प्रोग्राम माझे, अशी वाटणी. मी रिठदला आईकडे.

यापुढे नुसतं मि. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.


१६ ऑग., शनि.

काम नाही केलं. सेटिंगमध्ये एक चौकोन टाकायचा, 'तुमचं नाव', एवढंच आहे. तरी नाही केलं.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं नावही वैशाली. लग्नाची बोलणी झाली तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, दोन वैशाल्या एका घरात कशा चालतील, एकीले हाक मारली तं दोघी येतील. सगळे हसले. मीही हसले. मग मि.नं प्रज्ञा हे नाव काढलं. मला विचारलं नाही कोणी. मि. त्या वेळी जमिनीकडे बघत होता.

पुढे गप्पा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं खालून लिहिलं, "नाव आवडलं का? नसल आवडलं तं सांग." मी लिहिलं, आवडलं. खोटं होतं. पण तो म्हणायचा म्हणून नंतर खरंच आवडायला लागलं. हे खरं आहे आणि याचाच मला राग येतो.


२० ऑग.

झालं एकदाचं. सेटिंगमध्ये गेलं, नाव टाकलं, जतन केलं, की पुढच्या क्षणी सगळीकडे नवीन नाव. इतकं सोपं की आधीच का नाही केलं याची लाज वाटली.

सकाळच्या एस.टी.नं वाशीमला गेले, बसवून दिलं. मंगलाबाई चाळिशीच्या. आधी शाळेत खिचडी शिजवायच्या. एका बोटानं 'मंगला' लिहिलं आणि बघत राहिल्या.

"माह्यं नाव कॉम्प्युटरवर पैल्यांदाच पाह्यलं ताई."

शकीलभाईंनी चहा मागवला. येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बरं वाटत होतं आज. लिहून ठेवते, कारण असे दिवस कमी आहेत.


२९ ऑग.

आईच्या आग्रहानं सेवा केंद्रात गेलो, आधारवरचं नाव बदलायला. काउंटरवरच्या माणसानं कागदांची यादी सांगितली. कोर्टाचा हुकूम, राजपत्र, शाळेचा दाखला, फोटो. वर म्हणे, लग्नाच्या वेळी कशावरून बदललं होतं? मी म्हटलं, सासूबाई म्हणाल्या म्हणून. तो हसला. त्या वेळी एवढंच पुरलं होतं खरं.

फॉर्म घेऊन परत आले, भरला नाही. आई बसमधून उतरताना म्हणाली, "थ्यानं टाकली तुले, तरी त्याचंच नाव मिरवून राह्यली."

टाकलं नाही आई. दोघांनी सही केली. पण हे तिला किती वेळा सांगू, आणि मला तरी ते कुठं पटतं.


६ सप्टें., शनि.

घोळ. माझाच.

मे महिन्यात प्रेसमध्ये एक पत्रिका चुकली होती. आजोबा वारलेले, म्हणून मजकुरात त्यांच्या नावामागे 'कै.' होतं. सुमैयानं उतरवताना ते खालच्या ओळीत घेतलं आणि नवरीच्या जित्याजागत्या बापाला कैलासवासी करून टाकलं. पत्रिका वाटूनही झाल्या होत्या. बाप लग्नात स्वतः दारात उभा राहून लोकांना नमस्कार करत होता म्हणे.

आज तेच गृहस्थ धाकट्या मुलीची पत्रिका छापायला आले आणि तो विषय काढलाच. कोणी केलं होतं तेव्हा? शकीलभाईंनी गप्पामध्ये जुना मेसेज शोधला. मेसेज सापडला. पाठवणार: मंगला.

गिऱ्हाइकासमोर झापलं त्यांनी मंगलाबाईंना. ती बाई ऑगस्टमध्ये लागलेली. भाईंना तारीख दिसली ती संध्याकाळी.

मंगलाबाईंशी फोनवर बोलले. "मी तं तवा इथं नव्हतीच ताई. पण नाव माह्यंच दिसून राह्यलं, तं मी काय बोलू? मले वाटलं माह्याकूनच झालं असन."

मला वाटलं माझ्याकडूनच झालं असेल. हे वाक्य डोक्यातून जात नाही.


७ सप्टें.

चूक सापडली, शोधायलाही लागली नाही. गप्पा प्रत्येक मेसेजबरोबर नाव साठवतच नाही. फक्त कोणत्या कॉम्प्युटरवरून आला तो नंबर साठवतं, आणि दाखवताना त्या नंबरासमोर आज जे नाव असेल ते लावतं. म्हणजे आज नाव बदललं की मागचं सगळंही बदललं. त्या खुर्चीवर आधी कोणी बसलंच नव्हतं, असं.

खात्री करायला माझ्याच लॅपटॉपवरची जुनी प्रत उघडली. आमची. दोन नंबरसमोर प्रज्ञा होतं, तिथं वैशाली लिहिलं आणि जतन केलं.

आठ वर्षं एका क्षणात वैशालीची झाली. मि. वैशालीला विचारतोय, डोकं दुखायचं थांबलं का. वैशाली सांगतेय, आज वांगी केली, लवकर ये. मि. वैशालीला लिहितोय, अकोल्याचा रिपोर्ट आला, तू खाली येऊ नको, मीच वर येतो.

त्यानं वैशाली म्हणून मला एकदाही हाक मारली नाही. ही कोण बाई त्याच्याशी बोलतेय?

परत प्रज्ञा केलं. त्यालाही एकच क्षण लागला. आई शेतात होती ते बरं. दुपारभर रडले.


८ सप्टें.

अकोल्याचं लिहिलंच आहे तर पूर्ण लिहिते. मूल व्हावं म्हणून तीनदा उपचार केले. तिन्ही वेळा नाही. सासूबाई बोलायच्या ते बोलायच्या, त्यांचं मी धरत नाही. मि. काही बोलला नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही. आधी निदान खालून लिहायचा. तिसऱ्या वेळेनंतर तेही थांबलं. गिऱ्हाईक, बिल, चहा, एवढंच. मग तेही नाही. मी वर बसून रिकामी स्क्रीन बघायची आणि खालून त्याच्या हत्यारांचा, पंख्याचा, बोलण्याचा आवाज यायचा. गिऱ्हाइकांशी बोलायचा की.

एकदा मीच लिहिलं, काय करायचं आपण? दोन तासांनी उत्तर आलं, "तू म्हणशील तसं."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.


१२ सप्टें.

दुरुस्ती अशी: यापुढे प्रत्येक मेसेज त्या वेळचं नाव स्वतःजवळ ठेवेल. उद्या कोणी नाव बदलो, मागचं हलणार नाही. पण जुन्या मेसेजांवर नाव नाहीच, तर एकदा शिक्का मारावा लागेल. कोणत्या तारखेपर्यंत कोण. एकदा मारला की मग बदलायचा नाही, नाहीतर त्याला अर्थ नाही.

प्रेसचं सोपं. जुलैअखेर सुमैया, पुढे मंगला.

माझ्या प्रतीला हात लावला नाही.


१८ सप्टें.

अपडेट तयार. शकीलभाईंना फोन केला, येऊ का. "आज नको ताई, आज मशीन खोललंय." सोमवारी केला होता तेव्हा म्हणाले लाइट नाही. रागावलेत. तसा रागावणारा माणूस नाही तो. पण माझ्यामुळे त्यांनी एका गरीब बाईला चारचौघांत बोल लावले, तर रागावणारच.


२४ सप्टें.

परत नाही म्हणाले. "मैं खुद फोन करूंगा." नाही केला.


२ ऑक्टो., गुरु.

आई गावातल्या बायांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली. मला चल म्हणाली. नाही गेले. तिथं ओळखीचं हमखास भेटतं आणि विचारतं, जावई नाही आले?

घरी एकटी. सोयाबीन काढून शेतात गंजी लावलेली, तिच्याकडे चक्कर मारून आले. मग बसले आणि गप्पातले आमचे जुने मेसेज वाचत गेले. सगळं नाही. दुसरं वर्ष वाचलं. त्या वर्षी आम्ही फार हसायचो. एका गिऱ्हाइकानं माऊस पायाखाली घेतला होता, शिलाई मशीनसारखा. मि.नं खालून सगळं धावतं वर्णन लिहिलं होतं आणि शेवटी, "तू हसून राह्यली थे खाली ऐकू येऊन राह्यलं, हळू हास."

मी अजून प्रेम करते त्याच्यावर. लिहून टाकलं. कुठंतरी लिहायलाच हवं होतं.


८ ऑक्टो., बुध.

न विचारता गेले प्रेसमध्ये. शकीलभाई बाहेर गेले होते. मंगलाबाई काउंटरवर एकट्या, कपाळाला हात लावून. मला बघून उजळल्या.

"बरं झालं ताई आल्या. तुमच्या लोकायची पत्रिका हाये, वर काय लिहितात थे मले समजूनच नाई राह्यलं. त्यायनं हातानं लिहून देलं, अक्षर पाहा नं कसं."

अक्षर मी लांबूनच ओळखलं.

आयुष्मान मिलिंद. आयुष्मती शुभांगी. मंगल परिणय, रविवार, २ नोव्हेंबर. कारंज्याकडची मुलगी आहे. मंगलाबाईंनी दोघांच्याही मागे आयुष्मान टाकलं होतं. मी खुर्ची ओढून बसले, मुलीच्या नावामागचं आयुष्मती केलं. वर त्रिशरणाची ओळ कुठं येते ते दाखवलं. पंचशील ध्वजाचं चित्र तिरकं झालं होतं, सरळ केलं. हात अगदी व्यवस्थित चालत होते.

मंगलाबाई बोलत होत्या. त्यांना काय माहीत. "नवरीचं नाव बदलून राह्यले काय म्हून मी इचारलं. आपल्याइकडं कंसात टाकतात नं नवं नाव. तं नवरदेव म्हणे, नाई, तिचं नाव तिचंच राहू द्या. त्याची माय संगं होती, थिनं काईतरी म्हटलं, तं तिलेही नाई म्हणला. तोंडावर. असे कमीच असतात नाई ताई?"

कमीच असतात म्हटलं.

अपडेट बसवला, जुन्या मेसेजांवर शिक्के मारले, तपासून दाखवलं. मे महिन्यातल्या त्या पत्रिकेवर आता सुमैयाचं नाव. मंगलाबाईंनी दोनदा वाचलं आणि हात जोडले. मग मी स्टँडवर येऊन बसले. रिठदची एक एस.टी. गेली, दुसरी गेली. तिसरीत बसले.


९ ऑक्टो.

शकीलभाईंचा फोन. त्यांना कळलं. "बेटी, मी म्हून तुले येऊ नाई देत होतो. ऑर्डर घेऊ नाई म्हणत होतो. पण वो भी अपनाच पोरगा हाये, कॉम्प्युटर बिघडला तं रात बघत नाई, दिन बघत नाई. मी काय करू?"

तुम्ही काही चूक केली नाही म्हटलं. तर तेच रडायला लागले. मोठ्या माणसाला फोनवर समजावण्यात अर्धा तास गेला आणि तेवढा वेळ मला बरं होतं.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. मग एकदम, "पोरगी कोनाची?" म्हटलं माहीत नाही. "थिचं चांगलं हो," आई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.


१३ ऑक्टो.

चार दिवस एकच गोष्ट.

मागच्या वर्षी मी खाली लिहिलं होतं. तारीख शोधून काढली, शब्द हे: "या घरात माझं नाव कोणी घेत नाही. आठ वर्षं मी दुसरीच कोणीतरी आहे. तुला एकदाही वाटलं नाही का आईंना नाही म्हणावं?" उत्तर आलं नव्हतं. मी समजले वाचलंच नाही.

वाचलं होतं.

उत्तर आलं की. तोंडावर नाही म्हणाला. माझं ऐकून, शिकून, सुधारून आला आणि दुसरीच्या पत्रिकेवर दाखवलं. माझ्याजवळ जे मागून मिळालं नाही ते तिला न मागता. तिचा काय दोष, ती तर मला ओळखतही नाही. तिच्यासाठी चांगलंच झालं. हे मी मनापासून म्हणू शकले असते तर मी मोठी बाई ठरले असते. आज नाही म्हणू शकत.


१९ ऑक्टो.

सोयाबीन निघालं. मळणी यंत्राच्या आवाजात दिवसभर बोलावं लागलं नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायची.


२२ ऑक्टो., बुध.

मि.चा फोन. आठ महिन्यांनी.

नंबर पाहिला आणि उचलला, विचार न करता. उचलला नसता तर बरं झालं असतं का, माहीत नाही.

"प्रज्ञा."

मी हो म्हटलं.

मग, "तुले समजलं असन."

"हो."

"प्रेसमधी पाह्यलं मी, गप्पामधी नाव बदलाची सोय केली तू. मले पायजे होती थे."

मी विचारलं कशाला.

"वरच्या कॉम्प्युटरवर थे बसन. शुभांगी. टायपिंगची कामं करते थे." मग थांबला. "वर अजून तुयंच नाव येते."

मग तो म्हणाला, "मी मंघाशी एक जुनी प्रत टाकून पाह्यली. प्रेसमधली, ऑगस्टची. नाव बदललं तं मागचं सगळंच तिच्या नावानं झालं. मी लगेच परत केलं. तसं नाई करू शकत नं मी, प्रज्ञा. तुयं बोलणं तिच्या नावानं."

म्हणजे त्यालाही दिसलं. माझं आठ वर्षांचं बोलणं एका क्षणापुरतं शुभांगीचं झालेलं त्यानं पाहिलं आणि त्याला सोसलं नाही. एवढं तरी.

सांगितलं, नवीन व्हर्जन आहे, पाठवते. तर म्हणाला, "जुनं ठेवू काय काढू?"

मी म्हटलं, तुझं तू ठरव.

"तू म्हणशील तसं."

फोन ठेवला मी. त्याचा नाही, माझाच राग आला. अजून त्याच्याच प्रश्नांची उत्तरं मी द्यायची.


२४ ऑक्टो.

विचार केला. माझी प्रत माझ्याजवळ आहे, ती कुठं जात नाही. प्रश्न त्याच्या कॉम्प्युटरचा.

ठेव म्हटलं, तर ती वाचेल. आज नाही, पण कधीतरी दुपारी एकटी असताना वाचेलच, मी असते तर वाचलं असतं. माऊसची गोष्ट वाचेल. अकोल्याचं वाचेल. मी किती विनवण्या केल्या तेही. मला ते चालणार नाही. आणि दुसरं मन म्हणतं, वाचू दे. तिला कळेल हा माणूस बोलत नाही तेव्हा त्याला लिहू द्यावं लागतं, आणि लिहिणं थांबलं की वाट बघत बसायचं नसतं, खाली जायचं असतं. मी गेले नाही. जिना चौदा पायऱ्यांचा होता. मीही वर बसून राहिले. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

काढ म्हटलं, तर त्या घरात मी नव्हतेच.


२६ ऑक्टो.

आईनं विचारलं एवढं काय करून राह्यली. म्हटलं मिलिंदसाठी प्रोग्राम. मला वाटलं ओरडेल. ती जवळ बसली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मंग चांगला कर. रडून पडून करू नको."

शिक्का मारला. माझ्या प्रतीवर, आणि त्याच्याकडे नवीन व्हर्जन चालू होताच आपोआप बसेल असा. जुने मेसेज प्रज्ञाच्याच नावानं राहतील, कोणालाही बदलता येणार नाहीत, मलाही. ती प्रज्ञाच होती. वैशालीनं तिच्या जागी जाऊन बसायचं कारण नाही. वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

मंगळवारी सेवा केंद्रात जाते म्हटलं आईला. तो फॉर्म भरते.


२८ ऑक्टो.

फॉर्म दिला. पावती मिळाली.

मि.च्या व्हर्जनमध्ये एक जास्तीची खिडकी केली. पहिल्यांदा चालू केलं की विचारेल: जुने मेसेज ठेवायचे का? खाली दोन बटणं, ठेवा आणि काढा. तो म्हणाला तू म्हणशील तसं. मी म्हणते, तू म्हण.

एक अडचण आली. अशा खिडकीत एक बटण आधीच निवडलेलं असतं. आणि मि. कधीच वाचत नाही, काहीही समोर आलं की एंटर मारतो. आठ वर्षं पाहिलंय. म्हणजे मी जे बटण आधी निवडून ठेवीन तेच होणार. पुन्हा मीच ठरवलं असं होणार, आणि त्याला कळणारही नाही.

दोन तास घालवले यावर. आता कोणतंच निवडलेलं नाही. एंटर मारला तर काही होत नाही. खिडकी बंदही करता येत नाही. वाचावं लागेल, माऊस हातात घ्यावा लागेल, आणि दोनपैकी एकावर न्यावा लागेल.

सूड आहे का हा? असेल थोडा.


३१ ऑक्टो., शुक्र.

वाशीमला गेले. पेनड्राइव्ह पाकिटात घालून शकीलभाईंकडे दिला. ते उद्या पत्रिकांचं राहिलेलं बिल घेऊन दुकानात जाणार आहेत. "खुद जाके देती तो..." म्हणाले आणि मधेच थांबले. मी म्हटलं, भाई, माझं नाव वैशाली आहे. ते बघत राहिले. मग म्हणाले, "अच्छा. वैशालीताई. आदत होने को टाइम लगेगा." लागू दे म्हटलं.

मंगलाबाईंनी डबा उघडला होता, अर्धी पोळी मला दिली.

उद्या दुपारपर्यंत तो बसवेल. परवा लग्न. म्हणजे मधल्या एका दिवसात कधीतरी तो वरच्या खोलीत त्या कॉम्प्युटरसमोर बसेल, एंटर मारेल, काही होणार नाही, परत मारेल. मग वाचेल.

त्यानं कोणतं बटण दाबलं ते मला कळण्याची सोय मी ठेवलेली नाही. ठेवता आली असती. एका ओळीचं काम होतं, काल ती ओळ लिहूनही झाली होती.